पाण्याखालचा रोबो: वायर, गळती आणि तोल

रिमोटवर चालणारा आमचा रोबो टाकीत बुडाला की थांबतो. वायर लावली तर स्पर्धेत हसं होईल का? (डिप्लोमा विद्यार्थिनी, रत्नागिरी)

मुळीच नाही. रिमोटच्या लहरी पाण्यात लगेच विरतात. अमेरिकेत 2002 मध्ये सुरू झालेल्या मेट आरओव्ही (दुरून चालवायच्या पाणरोबोंच्या) स्पर्धेतले रोबोही वायरीवरच चालतात. काळजी करायची तर वायरीच्या जाडीची करा. पंधरा मीटरची दीड चौरस एमएमची वायर घेतलीत, तर जाऊन-येऊन तीस मीटर तांबं होतं. मोटरींनी 10 अँपिअर ओढले की 12 व्होल्टमधले जवळपास साडेतीन वाटेतच जातात. मग मोटरी सुरू होताच कॅमेरा बंद पडतो आणि मुलं कॅमेऱ्याला दोष देतात.

सीलंट लावूनही सर्किटच्या डब्यात पाणी येतं.

पाच मीटर खोलीवर 10 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर पाणी सुमारे 40 किलोंचा भार टाकतं. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाखालच्या रबरी कड्यावर, एक केस राहिला तरी तिथून वाट मिळते. रिंग बोटाने चाचपून पुसा, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. नंतर सर्किट न घालता, आतून टिश्यू पेपरचं अस्तर लावून, डब्याला वजन बांधून तो तासभर तळाशी ठेवा. बाहेर काढताना उलटापालटा करू नका. पहिला ओला डाग कुठे पडला ते बघा. हे झाल्याशिवाय बोर्ड आत घालू नका, कळकळीने सांगते.

रोबो कलंडतो.

फोम वर, वजन खाली.

आमची साधी शाळा. मोठ्या कॉलेजांपुढे मुलांचा निभाव लागेल? (शिक्षक, सांगोला)

2004 मध्ये अमेरिकेतल्या सांता बार्बराला मेट स्पर्धेत फिनिक्सच्या कार्ल हेडन या सरकारी हायस्कूलच्या चार मुलांनी एमआयटी या तिथल्या नामांकित तंत्रविद्यापीठाला मागे टाकलं. स्थलांतरित कुटुंबांतली मुलं, पीव्हीसी पाइपचा सांगाडा. आयत्या वेळी डबा गळू लागला, तेव्हा पाणी टिपायला त्यांनी आत टॅम्पॉन (पाळीत वापरायचे शोषक बोळे) ठेवले! पण परीक्षकांपुढे त्यांनी आपल्या यंत्राचा प्रत्येक भाग नीट समजावून सांगितला, आणि तिथे अहवाल व मुलाखतीलाही गुण असतात. आयआयटी मुंबईचा ‘मत्स्य’ रोबो अमेरिकेतल्या रोबोसब स्पर्धेत विनावायर, स्वतःच्या बुद्धीने पोहला आहे. तो पुढचा टप्पा. तुमची मुलं आज शाळेच्या टाकीत उतरू देत. सोबत एक वही द्या: काय बदललं, का बदललं. अहवाल त्यातूनच तयार होईल.