प्रश्न तुमचे : मैत्रिणीवर फिल्म करतोय, थांबू का?

प्रश्न : ताई, मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या जवळच्या मैत्रिणीवर डॉक्युमेंटरी करतोय. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्याच एकाने तिच्यावर बलात्कार केला. केस कोर्टात आहे. फिल्मची कल्पना तिचीच, रिलीज फॉर्मवर, म्हणजे चित्रीकरण वापरण्याच्या संमतीपत्रावर, सहीही केलीय. पण मुलाखतीत त्या रात्रीबद्दल बोलताना ती मध्येच गप्प झाली, मग खूप रडली. कॅमेरा चालूच होता. तेव्हापासून तिला धड झोप नाही, तरी ‘तू पूर्ण कर’ म्हणते. गाईड म्हणतात, तोच शॉट फिल्मचा प्राण आहे, चेहरा ब्लर कर. पुढच्या महिन्यात सबमिशन आहे. काय करू?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तो शॉट फिल्ममध्ये घेऊ नकोस. तुझ्या गाईडचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. एडिटिंग टेबलवर असे शॉट मी खूप पाहिलेत. रडणारं माणूस पाहून प्रेक्षकाचा गळा दाटतो, पण त्याला नवीन काही कळत नाही. ती रात्र तिला पोलिसांनी विचारली, मॅजिस्ट्रेटसमोर सांगावी लागली, उलटतपासणीत पुन्हा तीच निघणार. मित्राने तरी दुसरं काही विचारावं. तारखेच्या आदल्या रात्री ती काय करते? वकिलांचा फोन आला की घरात कुठे जाऊन बोलते? कोणती मैत्रीण टिकली, कोण तुटली? फिल्म तिथे आहे.

केस चालू असल्याचं तू ओघात लिहिलंयस, मला मात्र तिथेच धडकी भरली. कोर्ट तुझं कच्चं फुटेज मागवू शकतं. जबाबात एक वेळ आणि तुझ्या मुलाखतीत दुसरी निघाली, तर आरोपीचा वकील तेवढंच धरून तिला खोटं पाडायला बघेल. एवढ्या धक्क्यानंतर आठवणी मागेपुढे होतातच, पण ते साक्षीच्या पिंजऱ्यात कोण समजून घेणार? म्हणून आधी तिच्यासोबत तिच्या वकिलांना भेट. तोवर पुढचं शूट नाही, आणि घाबरून काही डिलीटही करायचं नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिने स्वतः लेखी परवानगी दिली तर मुभा आहे, पण कॉलेजचा छापील फॉर्म म्हणजे ती परवानगी असं धरून चालू नकोस. हे कलम आपल्याच मातीतून आलंय. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ओळख जपण्याची तरतूद त्याच दुरुस्तीतली.

ब्लरवर तर विसंबूच नकोस. मनगटावरचा टॅटू, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी, बोलण्याची लकब, एवढ्यावरून ओळखीचे लोक ओळखतात आणि तिला त्रास त्यांचाच होणार. नावच नव्हे, ओळख पटेल असा कोणताही तपशील नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलंय. पिच बदललेला आवाज पुन्हा मूळपदावर आणता येतो. त्यापेक्षा तिचे शब्द दुसऱ्या मुलीकडून म्हणवून घे.

आता तिच्या ‘पूर्ण कर’बद्दल. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून ती तसं म्हणत असेल, ही शक्यता मला मोठी वाटते. म्हणून दुसरा विषय खरोखर तयार ठेव, अगदी छोटा चालेल, आणि तो तिला दाखव. मग विचार. वर्गात दाखवू का, फेस्टिव्हलला पाठवू का, यूट्यूबवर टाकू का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, एका सहीत उरकायचे नाहीत. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, तिला शेजारी बसवून दाखव, लिंक पाठवून नको. तिने ‘हे काढ’ म्हटलं की कारण न विचारता काढ.

झोप उडाली आहे ती मात्र तुझ्या गप्पांनी येणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा फोन लावताना तिला हवं असेल तर तू शेजारी बस.

गाईड अडून बसले तर विभागप्रमुखांकडे लेखी मुदतवाढ माग. अर्जात ‘केस न्यायप्रविष्ट आहे, वकिलांचा सल्ला घेतोय’ एवढंच लिही. तिचं नाव त्यातही नको.