धुक्याच्या दिव्यांसाठी २८,००० रुपये: घ्यावेत की थांबावे?

सावंतवाडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, दर शनिवारी संध्याकाळी आंबोली घाटातून गडहिंग्लजला आई-वडिलांकडे जाताना पावसाळ्यात धुक्यामुळे समोरचे काही दिसत नाही, म्हणून सात वर्षे जुन्या गाडीला २८,००० रुपयांचे एलईडी प्रोजेक्टर फॉग लॅम्प क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत बसवून घ्यावेत का. त्यांच्या बचत खात्यात ६०,००० रुपये आहेत आणि त्याच कार्डावर १८,००० रुपयांची थकबाकी आहे.

आपली गरज खरी आहे, हे आधी मान्य करतो. सुरक्षिततेवरच्या खर्चाला परताव्याचा हिशोब लावू नये, अशा मताचा मी आहे. मात्र या २८,००० रुपयांतून सुरक्षितता नेमकी किती मिळते, हे तपासायलाच हवे.

धुक्यात अडचण प्रकाश कमी पडल्याची नसते, तर तो पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून परत डोळ्यांवर येण्याची असते. म्हणूनच फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत रुंद, आखूड आणि वरून कापलेला असतो. रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी जवळून दिसावी, एवढेच त्यांचे काम. कितीही महाग दिवे लावले तरी दूरचे वळण त्यांतून दिसणार नाही. आपण लिहिता की बंपरचे काम झाल्यापासून गाडीच्या मूळ फॉग लॅम्पपैकी डावा दिवा वर पाहतो आणि उजव्याच्या काचेत पाणी साचले आहे. तसे असेल, तर आपले मूळ दिवे धुके उजळवत आहेत, रस्ता नव्हे. वाकलेला ब्रॅकेट सरळ करणे, उजवा दिवा कंपनीचाच नवा घेणे, मूळ वॅटेजचे बल्ब, हेडलाइटच्या काचांना पॉलिश व झोताचे समायोजन आणि वायपरची नवी पाती हे सारे, माझ्या अंदाजाने, सहा-सात हजारांत बसावे. हॅलोजनच्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब घालण्याचा स्वस्त पर्याय दुकानदार सुचवेल. तो घेऊ नये, कारण प्रकाशाचा उगम जागेवरून हलला की झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

आता पैशांकडे वळू. कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज धरले, तर १८,००० रुपयांवर दरमहा ६३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ७४३ रुपये जातात. वर्षभर बाकी तशीच राहिली तर जवळजवळ नऊ हजार होतात, म्हणजे वरची सगळी दुरुस्ती करून वर पैसे उरतील इतके. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, आणि ‘विनाव्याज’ हप्त्यांनाही बहुधा प्रक्रिया शुल्क असते.

विम्याची बाजू बहुतेक जण विसरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. मूळ वायरिंग कापून जोडणी केली आणि पुढे शॉर्ट सर्किट झाले, तर दावा नाकारायला कंपनीच्या हाती आयते कारण मिळते. बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांना वेगळे संरक्षण घेता येते, त्याचा हप्ता साधारण किमतीच्या चार टक्के असतो. म्हणजे दरवर्षी ११०० रुपयांच्या आसपास आणखी. जुनी गाडी विकताना या दिव्यांचे पैसे कोणी देत नाही, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा माझा सल्ला असा की, बचत खात्यातून कार्डाचे १८,००० रुपये याच आठवड्यात पूर्ण फेडावेत, दुरुस्ती पुढच्या पगारातून रोखीने करावी आणि नवे दिवे या वर्षी घेऊ नयेत. उरलेल्या ४२,००० रुपयांना हात लावू नये. आपण दरमहा २,३३३ रुपयांचा हप्ता भरायला तयार होताच. तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत टाकली, तर आठ महिन्यांत ते १८,००० भरून निघतील. त्यानंतरही घाटात अडचण वाटलीच, तर आपल्या मॉडेलसाठी वाहन कंपनी स्वतः देते तेच दिवे अधिकृत सेवा केंद्रातून पक्क्या बिलावर घ्यावेत आणि बिलाची प्रत विमा कंपनीला लेखी कळवावी. तूर्त शनिवारी शक्य असल्यास उजेड असतानाच घाट चढावा. त्याला खर्च शून्य आहे.