"किती टक्के ऐकू येईल?" असं विचारलंत, म्हणून आमच्या आप्पांचं सांगतो

ताई, तुम्ही लिहिलंय की आई ६४ वर्षांच्या आहेत, एक जण कॉक्लियर इम्प्लांटने (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) ८० टक्के ऐकू येईल म्हणतो, दुसरा म्हणतो या वयात पैसे पाण्यात जातील. वाचलं आणि आप्पांची जुनी फाईल डोळ्यांसमोर आली. मी डॉक्टर नाही, फक्त घरचं सांगतोय.

आप्पांची अख्खी नोकरी धरणगावकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. आवाजाने कान हळूहळू गेले. पहिल्यांदा जिथे दाखवलं, तिथे ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) काढला आणि कानातलं मशीन उतरवून त्यांना हिंदी शब्द म्हणायला लावले. आप्पा जन्मभर अहिराणी बोलणारे! त्यांना जमलं नाही. "वय झालं, आता उपयोग नाही," एवढं बोलून फाईल परत केली. आम्ही ते मुकाट्याने ऐकलं. मशीन कपाटात गेलं आणि पाच वर्षं तशीच गेली.

आमचं खरं नुकसान तिथे झालं. मोठेपणी बहिऱ्या झालेल्या माणसाला इम्प्लांटचा किती फायदा होईल, हे तो किती वर्षं न ऐकता राहिला यावर बरंच अवलंबून असतं. म्हणजे "फायदा नाही" म्हणणाऱ्यांचं ऐकून आम्ही स्वतःच तो फायदा कमी केला. याचा राग अजून जात नाही.

आणि ८० टक्केवाल्यावरही विसंबू नका. २०१३ साली १५ केंद्रांमधल्या २,२५१ प्रौढांचा एक मोठा अभ्यास छापून आला. बहिरेपणाची वर्षं, ते आलं तेव्हाचं वय, कारण, इम्प्लांट लावून झालेला काळ, हे सगळं धरूनही माणसामाणसातल्या फरकाचा थोडाच भाग उलगडला. ऑडिओग्राम बघून कोणी पक्का आकडा सांगत असेल, तर दुसरीकडे दाखवा. चांगलं मशीन नीट बसवून, आई घरी बोलतात त्या भाषेत, शब्द आणि वाक्यं दोन्ही तपासायला सांगा. जन्मापासूनच ऐकू येत नसेल तर गणित निराळं असतं. मेंदूज्वराने कान गेले असतील तर मात्र अजिबात थांबू नका, कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखात, हाड धरू लागतं.

शेवटी आप्पांचं इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने यंत्र चालू केलं, तेव्हा आप्पा म्हणाले, पत्र्यावर गारा पडतायत. मी घाबरलो. जळगावहून मुंबईला मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्र त्यांच्या कानाला जुळवून घ्यायला, किती चकरा झाल्या, मोजल्या नाहीत. चौथ्या महिन्यात ते ओट्यावर पाठ करून चप्पल घालत होते. मी मागून विचारलं, "आप्पा, कथा चालनात?" (कुठे निघालात?) मान न वळवता म्हणाले, "वावरमा." (शेतात.)

फोनवर अजूनही त्यांना नीट समजत नाही. ते होईल असं आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं.

आणि एक, आपल्याकडचा मे महिना म्हणजे नुसता घाम. प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा बाहेरून लावायचा भाग, रोज रात्री पुसून सुकवायच्या डबीत ठेवा. आईंचं कानातलं मशीन सध्या बंद असेल, तर आजच कानात घालायला लावा.