घावण्यांचा तवा आणि ल्हनेल्हीची मामगी

मावशी,
मी वेंगुर्ल्याची. लग्नानंतर थेट वेल्समध्ये आले आणि ल्हनेल्ही नावाच्या गावात अकरा वर्षं काढली. मुलगा तिथेच जन्मला, वेल्श माध्यमाच्या शाळेत जात होता. गेल्या ऑगस्टमध्ये ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडात, लेस्टरला आलो. इथे कोपऱ्यावर कढीपत्ता, सुरण, अळूची पानं, सगळं मिळतं. तिकडे यातल्या निम्म्या गोष्टींसाठी तासभर गाडी हाकावी लागे. तरी मला करमत नाही. बाजारात तव्यावरून गरम उतरणारे वेल्श केक, व्हिनेगर शिंपडलेले कॉकल (छोटे शिंपले), ओटमध्ये घोळवून तळलेलं लेव्हरब्रेड नावाचं काळंहिरवं समुद्री शेवाळ, शाळेच्या दारातलं 'बोरे दा' (म्हणजे सुप्रभात), काहीही आठवलं की डोळे भरतात. इथल्या मैत्रिणी हसतात. म्हणतात, "माहेरच्या सोलकढीसाठी रडलीस तर समजू, गोऱ्यांच्या शेवाळासाठी?" ह्यांना वाटतं मी नाटक करते. मुलगा आठ वर्षांचा आहे, आता वेल्शमध्ये विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतो. मला ह्या आठवणींचा हक्क तरी आहे का? मी तर तिथलीही नव्हे.
ता. क. तिकडच्या शेजारच्या आजींचे (मुलगा त्यांना मामगी म्हणतो) चार-पाच फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. काय बोलावं सुचत नाही.
— ना इथली, ना तिथली

अगं,

ता. क. वाचलाय, त्याच्याकडे शेवटी येते. आधी तो हक्क निकालात काढू.

मी बडोद्याची. आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीसाठी साताऱ्याकडून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. लग्न होऊन मी पुण्याला आले तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "चला, आलीस एकदाची आपल्या मुलखात." आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून शेव-उसळीसाठी मुसमुसत होते. सासूबाईंनी मटकीच्या उसळीवर बारीक शेव भुरभुरली आणि वाटी पुढे केली. "घे, तुझी शेव-उसळ." ती बडोद्याची नव्हतीच, त्या वाटीने मी आणखीच रडले. तेव्हा 'मुळात तू कुठली' ह्या प्रश्नाचा आणि घशात दाटून येणाऱ्या आवंढ्याचा काही संबंध नसतो, हे मला तुझ्याआधी चाळीस वर्षं ठाऊक आहे.

माझं सोड. तुझ्या लेस्टरलाच विचार. गुजराती दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर जा आणि खाण्याच्या दुकानात मोगो माग. मोगो म्हणजे कसावा, तळून वर तिखट-मीठ-लिंबू. हा पदार्थ गुजरातचा नव्हे, पूर्व आफ्रिकेचा. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले, तेव्हा हजारो गुजराती माणसं लेस्टरला आली. (त्याआधी तिथल्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की इथे येऊ नका, जागा नाही. आज तेच शहर त्यांची दिवाळी मिरवतं.) त्यांचे आजे-पणजे काठियावाडातले असतील, पण तळलेला मोगो खाताना कुणाला काठियावाड आठवत नसणार. नेमकी अशाच लोकांच्या शहरात तू येऊन पडली आहेस, आणि स्वतःला जगावेगळी समजतेस. हसणाऱ्या मैत्रिणींपेक्षा मोगो तळणाऱ्या बाईशी दोन शब्द बोल.

आता ते 'गोऱ्यांचं शेवाळ'. ह्या शब्दांनी मला खरंच राग आला. वेल्श माणसाला इंग्रज समजणं म्हणजे पणजीच्या माणसाला "तुम्ही महाराष्ट्रातच ना?" विचारणं. गोव्याने त्याचं उत्तर १९६७च्या जनमत कौलात दिलं. वेल्सचं दुखणं त्याहून फार जुनं. 'वेल्स' हे नावच इंग्रजांनी ठेवलेलं, आणि त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ परके. आपल्याच मुलखात परके! ते स्वतःला 'कम्रि' म्हणतात, म्हणजे एका भूमीतले सोबती. १५३६च्या कायद्याने कोर्टकचेरीतून त्यांची भाषा काढून टाकली. एकोणिसाव्या शतकात काही शाळांमधून वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. एवढं होऊनही २०२१च्या जनगणनेत ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श येतं असं नोंदवलं. शंभरात जेमतेम अठरा. आणि नगरपालिकांनी चालवलेल्या वेल्श माध्यमाच्या शाळांमधली पहिली उघडली ती तुझ्याच ल्हनेल्हीत, १ मार्च १९४७ला, सेंट डेव्हिडच्या दिवशी. म्हणजे ज्या 'बोरे दा'साठी तुझे डोळे भरतात, त्यामागे माणसांनी केवढी खटपट केलेली आहे! तू तिथली नव्हेस म्हणतेस, पण आपलं पोर त्या भाषेच्या शाळेत घातलंस. आणखी काय करायला हवं होतं?

(नाव तू 'ल्हनेल्ही' असं लिहिलंस ते आवडलं. त्यातल्या 'ल्ह'पुढे इंग्रजांची जीभ अडखळते. आपली कोल्हा, चुल्हाणं, विल्हेवाट म्हणून तयार असते. अगदी तोच उच्चार नव्हे, पण वाडीतला म्हणायला हरकत नाही.)

आणखी एका गोष्टीसाठी तुझी पाठ थोपटते. पत्रात कुठेही 'हिराइथ' हा शब्द नाही. घराची ओढ सांगणारा तो वेल्श शब्द हल्ली चहाच्या मगांवर छापून विकतात. तू सरळ कॉकल म्हणालीस. कॉकलवर इलाज करता येतो.

तर खाण्याचं. वेंगुर्ल्याची आहेस, म्हणजे घावण्यांचा बिडाचा तवा लेस्टरपर्यंत आलाच असेल. मग वेल्श केकसाठी बाजार कशाला हवा? त्यांचं वेल्श नावच 'पिके आर अ माइन', दगडावरच्या छोट्या भाकऱ्या. आधी दगड, मग जाड बीड. तुझा तवा त्यांच्या तव्याचा सख्खा चुलतभाऊ. पाव किलो सेल्फ रेझिंग पिठाला सव्वाशे ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळ, रव्यासारखं दिसेपर्यंत. मग साखर, मूठभर काळे बारीक बेदाणे, मिक्स्ड स्पाइस, एक अंडं. दूध लागलं तरच, चमच्याने. अर्धा सेंटिमीटर जाड लाट, वाटीने गोल काप आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस कर. आच मोठी झाली की बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात, घावण्याची सवय इथे आड येते. उतरवल्या उतरवल्या साखरेत घोळव. तेल मात्र घालू नकोस, आपल्याला तेलाचं बोट फिरवायची खोड असते.

कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्याच गणगोतातले. ल्हनेल्हीच्या समोर, खाडीपलीकडे पेनक्लॉथच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ओहोटीला वाळूत उतरायच्या, दाताळ्याने उकरून चाळणीने चाळायच्या, गाढवांवर पोती लादून परतायच्या आणि स्वान्सीच्या बाजारात नेऊन विकायच्या. वेंगुर्ल्याच्या मुलीला हे चित्र परकं वाटलं असतं तरच नवल. तू तिथे रमलीस त्यात ह्या ओहोटीचा वाटा किती, मला सांगता येणार नाही, पण थोडा असणारच. लेस्टर समुद्रापासून लांब, तेव्हा ताजे कॉकल विसर. बरणीतले व्हिनेगरचे कॉकल म्हणजे नुसतं आंबट रबर, त्यांच्या नादी लागू नकोस. लेव्हरब्रेड मात्र डब्यातलं किंवा गोठवलेलं घरपोच मागवता येतं, आणि ते शिजवून शिजवून लगदा केलेलंच असल्यामुळे डब्यात फार बिघडत नाही. जपानी नोरी त्याच कुळातली, पण तिच्यावर भागवू नकोस. मटकीवर शेव टाकल्यासारखं होईल. काउलला, म्हणजे त्यांच्या मटण-भाज्यांच्या रश्शाला, तर काहीच अडचण नाही. मटण, लीक, बटाटा, गाजर, स्वीड, सगळं कोपऱ्यावर मिळेल. आज कर, उद्या खा, सोबत चीजचा तुकडा. आणि ह्यांनाही वाढ. त्यांनी अकरा वर्षं तेच खाल्लंय. पहिल्या घासाला ते गप्प झाले, तर 'नाटक' हा शब्द तिथल्या तिथे मागे घ्यायला लाव.

एक टोचेल असं बोलते. तिकडे असताना तू कढीपत्त्यासाठी हळहळत होतीस, हे तुझ्याच पत्रात आहे. उद्या लेस्टर सुटलं तर सुरणासाठी झुरशील, हे नक्की. तुझा स्वभाव मागे वळून बघायचा आहे. असू दे. फक्त पोरासमोर लेस्टरला सारखी नावं ठेवू नकोस, त्याला तिथे मित्र करायचेत.

पोराचं वेल्श. आठ वर्षांचं मूल नव्या शाळेत गेलं की त्याला एकच गोष्ट हवी असते, चारचौघांसारखं दिसणं. तू "सांग बघू, दुधाला काय म्हणतात?" अशी परीक्षा घेत असशील. ह्या प्रश्नाने मूल जीभ आवरून घेतं, तू मराठीतही करून बघितलं असशील. एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी इंग्लंडातही दिसते, तिच्यावरचे मुलांचे कार्यक्रम लावून तू निघून जा. (ही वाहिनी मिळावी म्हणून ग्विन्फोर इव्हान्स नावाच्या पुढाऱ्याने १९८०मध्ये आमरण उपोषणाची घोषणा केली, आणि सरकार नमलं. १९८२पासून ती चालू आहे. उपोषणाचं बळ आपल्याला नव्याने कुणी सांगायला नको.) पण वाहिनीशी बोलता येत नाही. तुझं वेल्श तुझ्यापुरतं, ह्यांचं त्याहून कमी असावं. भाषा टिकायला समोर असं माणूस लागतं, ज्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलणं विचित्र वाटेल.

आणि असं माणूस तुझ्या ता. क.मध्ये आहे. अख्ख्या पत्रात केक आहेत, कॉकल आहेत, शाळेचं दार आहे, आणि ज्या बाईला तुझं पोर आजी म्हणतं ती शेवटी दोन ओळींत उरकली आहेस. मला वाटतं, तू फोन उचलत नाहीस कारण पोर तिच्याशी इंग्रजीत बोलेल आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं होईल. किंवा तिचा आवाज ऐकून तू रडशील. दोन्ही होऊ दे. तिला मात्र यातलं काही माहीत नाही. तिला एवढंच दिसतंय की शेजारचं घर रिकामं झालं, आणि गेलेली माणसं फोन उचलत नाहीत.

काय बोलायचं सुचत नाही ना? माफी मागत बसू नकोस, खुलासेही नकोत. शनिवारी सकाळी पीठ मळायला घे, तवा तापत ठेव, पोराच्या हाताला पीठ लागू दे. मग फोन लाव आणि त्याच्या कानाशी धर. त्याने फक्त एवढंच विचारायचं, "मामगी, पीठ सैल झालंय, काय करू?" ती वेल्शमधूनच सांगू लागेल, आणि हात पिठात असल्यामुळे त्याला फोन तुझ्याकडे देऊन पळताही येणार नाही.

पीठ मुद्दाम जरा सैल केलंस तरी चालेल.

— मावशी