केशरोपणानंतर डोके धुताना

प्रश्न : माझे वय ३४ आहे. आठ दिवसांपूर्वी मी एफयूई पद्धतीने, म्हणजे डोक्याच्या मागचे केस एकेक करून मुळासकट काढून पुढे लावण्याच्या रीतीने, केशरोपण करून घेतले. घरी निघताना दिलेल्या कागदावर ‘तिसऱ्या दिवसापासून हलके धुवावे’ एवढेच लिहिले होते. ग्राफ्ट, म्हणजे लावलेली केसांची मुळे, निघून येतील या भीतीने मी आजवर नुसता सलाइनचा स्प्रे मारत आलो. आता पुढच्या भागावर कडक, तपकिरी खपल्या धरल्या आहेत आणि खाज सहन होत नाही. खोबरेल तेल लावले की खपल्या मऊ पडतील, असे आईचे म्हणणे आहे. आमच्याकडे पाणी बोअरचे आहे. डोके नेमके कसे धुवावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘हलके’ म्हणजे किती हलके, हे त्या कागदावर कुणीतरी लिहायला हवे होते. बसवलेला ग्राफ्ट सुरुवातीला केवळ गोठलेल्या रक्ताच्या आणि जखमेतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाच्या आधाराने त्या बारीक छिद्रात टिकून असतो. पहिल्या दोन दिवसांत केसाला ओढ बसली तर तो बाहेर येतो. पाचव्या दिवसाच्या सुमारापर्यंत घट्ट चिकटलेली खपली उपटली तर तिच्याबरोबर येऊ शकतो. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत मात्र तो भोवतालच्या त्वचेत रुजलेला असतो आणि धुण्याने निघत नाही. धुण्याची रीत या क्रमावरूनच ठरते. आपण सर्वांत नाजूक काळ ओलांडला आहे, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे आणि धुणे आजपासूनच सुरू करावे.

आधी दहा-पंधरा मिनिटे सलाइनचे फवारे देऊन खपल्या भिजू द्याव्यात. मगभर कोमट पाण्यात सौम्य शाम्पू घालून हाताने फेस काढावा. तो फेस तळहातावर घेऊन रोपण केलेल्या भागावर अलगद टेकवावा, हात सरळ वर उचलावा आणि शेजारच्या जागी पुन्हा टेकवावा. हात पुढे-मागे फिरवू नये, नखे तर लागूच देऊ नयेत. पाच मिनिटांनी मगाने, डोक्याच्या अगदी जवळून, बारीक धारेने पाणी सोडावे. शॉवरचा जोराचा झोत अजून काही दिवस नको आणि गीझरचे कढत पाणीही नको. धुतल्यावर हा भाग टॉवेलने न पुसता वाऱ्यावर वाळू द्यावा. डोनर भागाची, म्हणजे जिथून केस काढले त्या मागच्या बाजूची, एवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. तिथे बोटांच्या पेरांनी हळुवार चोळले तरी चालते.

असे रोज एकदा करावे. दहाव्या दिवसानंतर फेस लावताना बोटांची पेरे लहान लहान वर्तुळांत, आधी अगदी हलकी आणि दोन-तीन दिवसांनी थोडी अधिक दाबाने फिरवावीत. साधारण चौदाव्या दिवसापर्यंत डोके स्वच्छ व्हायला हवे. खपल्या आपसूक पडतील म्हणून तीन-तीन आठवडे हात न लावणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. त्यांच्या खपल्यांखाली ओल आणि मळ साचून त्वचा लाल होते, पुळ्या येतात. काळजीच्या नावाखाली झालेली ही हेळसांडच म्हणायची.

खपली निघताना तिच्यात अडकलेला आखूड केस दिसेल. त्याच्या टोकाला पांढुरकी गाठही असेल आणि ग्राफ्टच गेला असे वाटून पोटात गोळा येईल. तो बहुधा नुसता केस असतो. पुन्हा केस उगवणारे मूळ आतच राहते. ग्राफ्ट खरोखर निघाला तर त्या जागी ताजे रक्त येते. तसे झाल्यास स्वच्छ गॉज सलाइनमध्ये भिजवून दहा मिनिटे हलके दाबून धरावे आणि डॉक्टरांना कळवावे. दिवसागणिक वाढणारे दुखणे, पू, ताप किंवा त्वचेवर काळसर पडत जाणारा डाग, यांपैकी काहीही दिसले तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

तेलाने खपल्या मऊ पडतात, हे आईंचे म्हणणे खोटे नाही. अडचण अशी की, घरच्या बाटलीत अनेकांची बोटे बुडालेली असतात आणि लावलेले तेल काढायला पुन्हा चोळावे लागते. म्हणून डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय जखमा भरेपर्यंत तेल नको; चंपी तर महिनाभर तरी नकोच. बोअरच्या जड पाण्यात शाम्पूला फेस कमी येतो आणि डोक्यावर क्षारांचा थर राहतो. तेवढ्यापुरते उकळून गार केलेले किंवा आरओ फिल्टरचे एक बादली पाणी वापरावे. खाजेसाठी गोळी मिळते. ती डॉक्टरांकडून मागून घ्यावी.

प्रश्न : माझ्या पतींच्या केशरोपणाला पाच आठवडे झाले. रोज डोके धुताना लावलेले केस हातात येतात. धुणे बंद करावे का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : नाही. लावलेले बहुतेक केस दुसऱ्या ते आठव्या आठवड्यादरम्यान गळतात, कारण जागा बदलल्याच्या धक्क्याने मुळे विश्रांतीच्या अवस्थेत जातात. आपण धुतले नाही तर तेच केस उशीवर सापडतील. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागतात आणि खरा परिणाम वर्षभराने कळतो. माथ्यावर त्याहूनही उशीर लागतो. नवा केस वर येताना अधूनमधून पुळी येते, तिला गरम पाण्याचा शेक पुरतो. पुळ्या बऱ्याच असतील तर डॉक्टरांना दाखवाव्यात. मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध केव्हा सुरू करायचे, हेही आताच विचारून ठेवावे. मागून आणलेले केस नव्या जागीही आपला मूळचा टिकाऊपणा सोडत नाहीत, पण त्यांच्या शेजारचे जुने केस विरळ होतच राहतात. औषधे चालू ठेवायची ती त्या जुन्या केसांसाठी, आणि ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वी फार थोड्यांना सांगितली जाते.

प्रश्न : केशरोपणाला विसर्जनाच्या दिवशी तीन आठवडे पूर्ण होतील. ढोल-ताशा पथकात फेटा बांधून वाजवले तर चालेल का? गुलालाचे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तोवर ग्राफ्ट पक्के झालेले असतील, त्यामुळे सैल बांधलेला फेटा, आणि एरवी हेल्मेटही, चालू शकते; फक्त चढवताना-उतरवताना ते घासू देऊ नये. खरी काळजी उन्हाची आणि गुलालाची आहे. त्वचा अजून गुलाबी आणि कोवळी असते, तिला ऊन लवकर लागते आणि बाजारच्या गुलालातील रंगाने आग होऊ शकते. फेटा मिरवणूकभर डोक्यावरून काढू नये. तरीही गुलाल आत गेलाच तर त्याच रात्री घाम वाळण्याआधी कोमट पाण्याने आणि सौम्य शाम्पूने डोके धुवावे. थोडा रंग राहिला तर राहू द्यावा; तो दुसऱ्या दिवशीच्या धुण्यात जाईल, त्यासाठी खरवडत बसू नये.