काकाला काकाच का म्हणायचं?

प्रिय पिल्लू,

काल शाळा सुटल्यावर फाटकापाशी तू फोनवर "काका!" म्हणून ओरडलीस आणि तुझ्या वर्गातली पोरं पोट धरधरून हसली. घरी येईपर्यंत तू गप्पच होतीस. रात्री पांघरुणातून विचारलंस, "आई, काकाला दुसरं काही म्हटलं तर नाही का चालणार? आपण त्याला काका म्हणतोच का?" झोपेला आली होतीस म्हणून मी थोडक्यात आवरलं. पण प्रश्न मोठा आहे, म्हणून नीट लिहून देते.

पोरं का हसली ते आधी. इथे सगळे स्पॅनिश बोलतात, आणि स्पॅनिशमध्ये 'काका' म्हणजे आपली 'शी'. लहान बाळांशी बोलताना वापरतात तोच शब्द. फ्रेंचमध्येही तसंच. आता एक करून बघ. तोंडासमोर तळहात धर आणि 'काका' म्हण. हाताला वारा लागत नाही. मग इंग्रजीतला 'कार' म्हण, अगदी इंग्रज माणसासारखा. 'क'बरोबर हवेचा झोत येतो, जवळजवळ 'ख'च होतो. स्पॅनिश 'क' मात्र आपल्यासारखा, कोरडा. म्हणून इथल्या पोरांच्या कानाला तुझा काका हुबेहूब त्यांचाच शब्द वाटला. तुझा उच्चार चोख आहे, म्हणून त्यांना हसू आलं.

आता काका कुठून आला? बाळं बोलायला लागतात तेव्हा एकच अक्षर दोनदा म्हणतात. मामा, बाबा, दादा, काका. मोठी माणसं ते आवाज उचलतात आणि घरातल्या कुणाला तरी देऊन टाकतात. रोमान याकोबसन नावाच्या मोठ्या भाषाशास्त्रज्ञाचा 'मामा' आणि 'पापा' या शब्दांवरचा लेख १९६०मध्ये छापून आला, त्यात हेच समजावलं आहे. कुणाला कोणता आवाज मिळेल हे मात्र त्या त्या भाषेवर. आपला मामा आईचा भाऊ. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील! अफगाणिस्तानातल्या पश्तोत काका म्हणजे वडिलांचा भाऊच, अगदी आपल्यासारखा. आफ्रिकेतल्या स्वाहिलीत 'काका' म्हणजे भाऊ.

सगळेच काका असे बाळांच्या तोंडून आलेले नाहीत. स्वीडिशमध्ये 'काका' म्हणजे केक, आणि इंग्रजी 'केक' त्याच भागातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'काका'वरून आलाय. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा 'काका' हा पोपट. 'पो' म्हणजे रात्र, म्हणून रात्री हिंडणारा, उडता न येणारा तो गुबगुबीत हिरवा पक्षी झाला 'काकापो'. आणि संस्कृतात काक म्हणजे कावळा. यास्क नावाच्या ऋषींनी फार जुन्या काळी शब्दांच्या उगमावर 'निरुक्त' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात, काक हे नाव आवाजाच्या नकलेवरून पडलं आणि पाखरांच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं. औपमन्यव नावाच्या दुसऱ्या आचार्यांना हे पटत नव्हतं, तेही यास्कांनी तिथेच नोंदवलंय. मला ते फार आवडतं. एका कावळ्याच्या नावावरून दोन विद्वान माणसं इतकी मनापासून भांडली!

तुझ्या वर्गातल्या फुटबॉलवेड्यांना आणखी एक सांग. २००७चा बॅलन डी'ओर, म्हणजे फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकलेला ब्राझीलचा काका पुढे रेआल माद्रिदकडून खेळला. त्याचं खरं नाव रिकार्दो. धाकट्या भावाला 'रिकार्दो' म्हणता येईना, तो 'काका' म्हणायचा, तेच नाव राहिलं. ते लोक शेवटच्या अक्षरावर जोर देतात, एवढाच फरक. त्याच नावानं अख्खं स्टेडियम ओरडायचं.

दुसरं काही म्हणायचं तर काय म्हणशील? इथे वडिलांचा भाऊ, आईचा भाऊ, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, सगळ्यांना एकच 'तीओ'. तुमची पोरं तर एकमेकांनाही 'तीओ' म्हणतात. आपण मावशीच्या नवऱ्यालाही काका म्हणतो खरं, पण घरात नुसतं 'काका' म्हटलं की दोन अक्षरांत कळतं, हा बाबाचा भाऊ. बाबाच्याच घरात वाढलेला, बाबाच्या लहानपणीच्या खोड्या ठाऊक असलेला. 'मामा' म्हटलं की माझं घर. तू ज्याला हाक मारतेस त्याच्यामागे कुठलं घर उभं आहे, ते आपल्या शब्दात आपोआप येतं.

तुला आठवत नसेल, पण दोन वर्षांची होईपर्यंत तू त्याला 'ताता' म्हणायचीस. 'क' जिभेच्या मागच्या भागानं काढावा लागतो, पुष्कळ लहान मुलांना तो उशिरा जमतो. ज्या दिवशी तू पहिल्यांदा स्पष्ट 'काका' म्हणालीस त्या दिवशीचं रेकॉर्डिंग त्यानं अजून फोनमध्ये ठेवलंय. काल फाटकापाशी तू हाक मारलीस, पोरं हसली आणि तू फोन कट केलास. त्यानंतर त्याचा मला मेसेज आला, "काय झालं गं? ती रागावली का माझ्यावर?"

उद्या त्याला तूच फोन कर.

तुझी,
आई