उसाचा बुडखा गोड आणि शेंडा अळणी, असं का?

पानात तयार झालेली साखर, म्हणजे सुक्रोज, खोडात उतरते. शेंड्याची कोवळी पेरं अजून वाढत असतात, तिथं इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. त्यावरच नव्या पेशी पोसतात, लांबतात. पेर पक्व झालं की विकर ओसरतं, साखर साठते.

आमच्या निपाणी-चिकोडीकडं वाढं, म्हणजे उसाचा पाल्यासकट शेंडा, जनावरांपुढं पडतं, गुऱ्हाळात जात नाही, त्याचं एक कारण हेच. बेण्याला, म्हणजे लागणीच्या कांड्यांना, मात्र कोवळा शेंड्याकडचा ऊस चांगला, ग्लुकोजमुळं डोळा लवकर फुटतो.

तोडलेला ऊस फडात ठेवू नका! तोडीनंतर हे विकर पुन्हा साखर फोडायला लागतं. मग गूळ चिकट होतो, रवा (दाणा) धरत नाही.